दाणेदार कोळशाची सक्ती : मागे घेतलेल्या एका प्रस्तावाची पार्श्वभूमी

कोळशाने रंग आणि वास जातो, हे साखर शुद्ध करणाऱ्यांना अठराव्या शतकाच्या अखेरीसच ठाऊक होते. अमेरिकेत सार्वजनिक पाणीपुरवठ्यात सक्रिय कोळशाची (सूक्ष्म छिद्रे वाढवून शोषक बनवलेल्या कोळशाची) भुकटी १९३० च्या सुमारास रुळली, आणि तीही फिनॉल या रसायनाची क्लोरीनशी क्रिया होऊन पाण्याला येणारी औषधी चव घालवण्यासाठी. पुढची चार दशके तिथे कोळसा हा मुख्यतः चवीवरचा उपाय राहिला.

चित्र पालटले ते १९७४ मध्ये. निर्जंतुकीकरणासाठी टाकलेला क्लोरीन पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार करतो, असे नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे आढळले. त्याच वर्षी मिसिसिपी नदीवर अवलंबून असलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या पाण्यात अनेक कृत्रिम रसायने सापडली आणि वर्षअखेरीस अमेरिकेत सुरक्षित पेयजलाचा कायदा संमत झाला.

या कायद्याच्या आधारे अमेरिकेच्या केंद्रीय नियामकाने, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेने, फेब्रुवारी १९७८ मध्ये दोन भागांचा प्रस्ताव मांडला. पहिला भाग क्लोरीनजन्य संयुगांवर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घालण्याचा होता. दुसऱ्या भागानुसार, ७५ हजारांहून अधिक लोकांना प्रदूषणाचा धोका असलेल्या स्रोतातून पाणी पुरवणाऱ्या यंत्रणांना दाणेदार सक्रिय कोळशाचे थर बसवावे लागणार होते. पाणीपुरवठा संस्थांनी त्याला कडाडून विरोध केला. खर्च अवाच्या सवा येईल, थरांत जिवाणू वाढतील, आधी धरून ठेवलेली रसायने पुढे पाण्यात सुटतील आणि आरोग्यलाभाचा पुरावा अपुरा आहे, असे त्यांचे आक्षेप होते. त्यांपैकी खर्चाचा मुद्दा निश्चितच खरा होता, कारण संपृक्त झालेला कोळसा भट्टीत सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा सक्रिय करावा लागतो. कोळशाच्या थरांत जिवाणू वाढतात हेही खोटे नव्हते. पण ऱ्हाइनकाठच्या जर्मन शहरांत ओझोन आणि कोळसा यांची जोडी १९६० च्या दशकापासून काम करत होती आणि तिथे हेच जिवाणू सेंद्रिय द्रव्ये खाऊन शुद्धीकरणाला हातभार लावत होते. तरीही १९७९ मध्ये केवळ मर्यादेचा नियम झाला आणि कोळशाची सक्ती १९८१ मध्ये मागे घेण्यात आली.

या माघारीचा परिणाम दूरगामी ठरला. क्लोरीन टाकण्याची जागा बदलून किंवा क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारे जंतुनाशक) वापरून अनेक शहरांनी मर्यादा गाठली. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यांतून येणारी रसायने मात्र या उपायांनी कमी होत नाहीत. १९७७ मध्ये ओहायो नदीत कार्बन टेट्राक्लोराइडचा लोंढा आल्याचा अनुभव असलेल्या सिनसिनाटीने १९९२ मध्ये कोळशाचे थर आणि ते पुन्हा सक्रिय करणाऱ्या भट्ट्या उभारल्या. असे करणारी मोठी शहरे थोडीच.

नदी-खाड्यांच्या गाळात आणि जमिनीत या शतकात निराळाच प्रश्न उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या गाळात सक्रिय कोळसा मिसळल्यावर पीसीबी ही टिकाऊ विषारी औद्योगिक रसायने जिवांच्या शरीरात कमी प्रमाणात जाऊ लागले, तरी ते गाळातून हटले नाहीत. अशा उपायाला सफाई म्हणावे की प्रदूषण जागीच अडकवून ठेवणे, हे अद्याप निर्विवाद ठरलेले नाही.

नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टनला नदीच्या वरच्या अंगाच्या कारखान्यातून आलेल्या फ्लोरीनयुक्त रसायनांमुळे २०२२ मध्ये कोळशाचे थर सुरू करावे लागले. अशांपैकी दोन रसायनांवर एप्रिल २०२४ मध्ये देशभर लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा आली. या नियमात दाणेदार कोळसा मान्य पद्धतींपैकी एक आहे, सक्तीचा नाही. छोट्या साखळीची (कमी कार्बन अणूंची) फ्लोरीन संयुगे थरातून लवकर पार होतात, त्यामुळे कोळसा वारंवार बदलावा लागतो आणि खर्चाचा वाद पुन्हा तिथेच येतो. मे २०२५ मध्ये नियामकाने या दोन रसायनांच्या मर्यादा कायम ठेवून पूर्ततेची मुदत २०३१ पर्यंत वाढवण्याचा आणि त्याच नियमातील इतर काही फ्लोरीन संयुगांच्या मर्यादा रद्द करण्याचा इरादा जाहीर केला.