पसरलेला स्तनाचा कॅन्सर आणि जनआरोग्य योजना: कागद अडतात कुठे

‘चौथी स्टेज, म्हणजे कॅन्सर पसरलेला, असली की योजनेत घेत नाहीत’ हे गावोगावी ऐकायला मिळतं. ते खोटं आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत पसरलेल्या कॅन्सरची केमो आणि त्रास कमी करण्यासाठीचा शेकसुद्धा (रेडिएशन) बसतो. अर्ज स्टेजमुळे नाही, कागदामुळे परत येतो.

पात्रता आता सोपी झाली आहे. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही राशन कार्ड चालतं. कार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. सोबत आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र. मर्यादा वर्षाला 5 लाख, पण ती अख्ख्या कुटुंबाची. त्याच वर्षी घरात कोणाचं हृदयाचं ऑपरेशन योजनेतून झालं असेल, तर ते त्यातूनच वजा होतं.

खरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव, राशन कार्डावर सासरचं. किंवा लग्नाला वीस वर्षं झाली तरी बाईचं नाव अजून वडिलांच्याच कार्डात. आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातला योजनेचा माणूस, नोंदणी थांबवतो, कारण मशीन जुळणी दाखवत नाही. माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग सासरच्या कार्डात चढवा आणि ते ऑनलाइन दिसतं का बघा. कागदी कार्डावर पेनाने लिहिलेलं नाव धरत नाहीत. याला दिवस लागतात, म्हणून गाठीचा संशय आला त्याच आठवड्यात हे काम काढा. बायोप्सीचा रिपोर्ट यायची वाट बघू नका.

दुसरी अडचण रिपोर्टची. ‘कॅन्सर आहे’ एवढ्या ओळीवर औषध ठरत नाही. बायोप्सीच्या तुकड्यावर होणाऱ्या आयएचसी तपासणीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (हार्मोनशी संबंधित) आणि हर-2 (एक प्रथिन) हे तिन्ही लिहिलेले हवेत. हर-2 समोर ‘2+’ असेल तर तो निकाल अर्धवट समजा, पुढे फिश ही जनुकाची तपासणी लागते. ती नसेल तर ट्रास्टुझुमॅब या हर-2 वरच्या औषधाची मंजुरी अडते आणि नातेवाईक समजतात डॉक्टर टाळतायत. तालुक्याच्या लॅबमध्ये बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन निघू नका, गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. नागपूर, सेवाग्राम, सावंगी, कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी तेच विचारतात. आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीहून आलेल्या बाईला ‘ब्लॉक घेऊन परत या’ म्हणणाऱ्याला अंतराचा अंदाज नसतो.

दवाखान्यात पोचल्यावर बिल भरू नका, आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. योजना कॅशलेस आहे. खिशातून भरलेले पैसे नंतर सहसा परत मिळत नाहीत. बायोप्सी, स्कॅन अशा निदानाआधीच्या तपासण्यांचा खर्च मात्र बऱ्याचदा घरच्यांवरच येतो, तेवढा हाताशी ठेवा. दवाखाना योजनेत आहे एवढ्यावर भागत नाही. कॅन्सर विभागासाठी आहे का, हे निघण्याआधी योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 वर, विचारा. केमोच्या प्रत्येक फेरीला वेगळी मंजुरी लागते, म्हणून मूळ कागद दर वेळी सोबत. लिहून दिलेलं औषध योजनेच्या मंजूर पॅकेजात आहे का, हेही आधी विचारा. ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी हातात पडल्यावर भांडून फायदा नसतो.

घरखर्चाला संजय गांधी निराधार योजना आहे, महिना 1,500 रुपये. वय 18 ते 65, राज्यात 15 वर्षं वास्तव्य, आणि जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा आजाराचा दाखला. खासगी डॉक्टरचा परत येतो. अडतं ते उत्पन्नावर: वर्षाला 21,000 च्या आत, म्हणजे महिन्याला 1,750. कापूस वेचणाऱ्या घराचंही त्यापेक्षा जास्त भरतं, आणि सेतूवर सरसकट 40,000 लिहून दाखला काढला की अर्ज तिथेच संपला. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याचा दाखला जोडा, उत्पन्नाच्या दाखल्याच्या मागे लागू नका. लाडकी बहीणचे पैसे सुरू असतील तर दोन्ही एकत्र मिळणार नाहीत, हेही आधीच धरा.

रेल्वेची सवलत दवाखान्याच्या सही-शिक्क्याच्या फॉर्मवर मिळते: स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाला पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के. दवाखान्यातून घरी सोडतात त्या दिवशीच फॉर्म भरून घ्या. त्याच दिवशी वेदनाशमन विभागातही नोंद करा. मॉर्फिनची गोळी कायदेशीर आहे, पण गावच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही.