ओजसला पॅरिसला ‘डावललं’ नव्हतं

नागपुरात पानठेल्यावर आजही ऐकू येतं: आपल्या तिरंदाज ओजस देवतळेनं हांगझोऊ एशियाडमध्ये तीन सुवर्णं जिंकली, तरी पॅरिस ऑलिम्पिकला त्याला डावललं. चूक. तो कंपाउंड धनुष्य वापरतो आणि पॅरिसला फक्त रिकर्व्ह, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं धनुष्य होतं.

फरक किरकोळ नाही. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार निम्म्याहून खूप कमी होतो. नेम भिंगातून, बाण सुटतो ट्रिगरनं. अंतर ५० मीटर, १५ बाणांच्या गुणांची थेट बेरीज. म्हणूनच ओजसची अंतिम लढत १४९-१४७ अशी. रिकर्व्हमध्ये दोरी बोटांनी धरायची, भार शेवटपर्यंत अंगावर, अंतर ७० मीटर आणि गुण सेटप्रमाणे, म्हणजे फेरीगणिक. एकाचा बादशहा दुसऱ्यात आयत्या वेळी उतरू शकत नाही.

गोंधळ पदकतक्त्यानं वाढवला. हांगझोऊत तिरंदाजीची ९ पदकं आली, पण पाचही सुवर्णं कंपाउंडची. रिकर्व्हला एक रौप्य, एक कांस्य. पॅरिसला भारताची मिश्र जोडी चौथी आली, ती रिकर्व्हचीच.

२०२८ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंड येतंय, तेही फक्त मिश्र दुहेरीत. वैयक्तिक नाहीच.