कावेरीकाठचे भोसले

तंजावरला मराठे गेले ते आदिलशाहीचे सरदार म्हणून. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावर जिंकले आणि तिथला विजयराघव नायक लढाईत पडला. त्याच्या घराण्यातील वारसासाठी विजापुरात मदत मागितली गेली. बंगळूरला असलेल्या व्यंकोजीराजांना, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाला, हुकूम सुटला. वारसाला गादी मिळवून द्यायला निघालेले व्यंकोजी १६७५ च्या सुमारास स्वतःच राजे झाले. १६७७ मध्ये दक्षिण मोहिमेवर आलेल्या महाराजांची आणि त्यांची भेट झाली, पण दोघा भावांमधला वडिलांच्या वारशाचा वाद काही तिथे मिटला नाही.

परक्या मुलखात गादी टिकवायची तर तलवार पुरत नाही. नायकांच्या दरबारात तेलुगू कवी आणि यक्षगान, म्हणजे गाणे-नाचाचे नाटक, यांचा मान होता. भोसल्यांनी तो मोडला नाही, उलट स्वतः त्यात उतरले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) यांनी तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु' रचला. तिरुवारूरच्या मंदिरातले त्यागराजस्वामी, म्हणजे शिव, हे त्यांचे आराध्य. तिरुविशनल्लूर हे गाव त्यांनी ४६ पंडितांना अग्रहार, म्हणजे वसतीसाठी इनाम, म्हणून दिले. धाकटे बंधू तुकोजीराजे यांनी संगीतावर 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ लिहिला.

आपण मात्र यातली सर्वांत मोठी गोष्ट विसरतो. मराठी नाटकाची सुरुवात सांगताना आपण १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या नाटकापाशी जातो. पण शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे. पुढे तंजावरचे राजे प्रतापसिंह यांच्या काळातही तिथे मराठी नाटके लिहिली गेली. महाराष्ट्रातल्या रंगभूमीशी त्यांची सांधेजोड झाली नाही हे खरे. म्हणून ती मराठी नव्हेत असे कसे म्हणायचे? मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांना पहिल्या प्रकरणात जागा हवी.

१७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले, ते कंपनीच्या ओझ्याखाली. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि आसपासचा भाग एवढेच उरले. पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने उरलेले सारे बळ विद्येत घातले. देवनागरी छापखाना आणि औषधांसाठी धन्वंतरी महाल ही त्यांचीच कामे. नायकांच्या काळापासूनचे सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले आणि काशीयात्रेतही हस्तलिखिते जमवली. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आजही तिथे आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारावर, म्हणजे आवाराच्या भिंतीवर, त्यांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला.

चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार नृत्य-संगीतकार भाऊ याच दरबाराच्या आश्रयाने वाढले. भरतनाट्यमचा आजचा क्रम, अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा, त्यांनीच बसवला असे मानतात. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. आश्रय तुटल्यावर अनेक गायक-वादकांनी मद्रासची वाट धरली.