बल्बमधली साखर का घटते?

शरीराबाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या बल्बमध्ये, म्हणजे तपासणीचं रक्त घ्यायच्या नळीत, घेतलेलं रक्त पेशी वेगळ्या न करता खोलीच्या तापमानाला ठेवलं, तर त्यातलं ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटतं. उपाशीपोटी १३० असलेली साखर दोन तास टेबलावर राहिली की ११५ च्या आसपास दिसू शकते. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे, म्हणजे एवढ्यानेच निदान हुकतं.

ठेवलेल्या रक्तातली साखर नाहीशी होते, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं. पण पुढची कित्येक वर्षं खरी अडचण होती ती साखर मोजायची कशी, ही. फोलिन आणि वू यांची १९२० च्या सुमाराची पद्धत तांब्याच्या क्षारावर चालायची. साखरेमुळे तांब्याचं क्षपण होतं, म्हणजे तांब्याला इलेक्ट्रॉन मिळतात, आणि पुढे निळा रंग येतो, तो मोजायचा. पण रक्तातले ग्लुटाथायोन, युरिक ॲसिडसारखे दुसरे पदार्थही तेच काम करत, त्यामुळे आकडा फुगायचा. जुन्या कागदपत्रांतल्या साखरेची आजच्या आकड्याशी सरळ तुलना करू नये, ती यासाठीच. मग साखर मोजायला ऑर्थो-टोल्युडिन हे रसायन आलं, आणि कर्करोगाच्या धोक्यामुळे मागे पडलं.

ग्लुकोज ऑक्सिडेज आणि हेक्झोकायनेज या विकरांनी (एन्झाइम्सनी) मोजणीचा प्रश्न बराचसा सोडवला. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या पद्धतीत मधल्या टप्प्यात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड क जीवनसत्त्व खाऊन टाकतं आणि आकडा कमी येतो, एवढी काळजी उरली. हेक्झोकायनेजला हा त्रास नाही.

मोजणी सुधारली तशी बल्बमधली चूक उघडी पडली. तिच्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे करड्या झाकणाचा फ्लोराइड बल्ब. त्यावर आपण गरजेपेक्षा जास्त भरवसा टाकतो, असं मला ठामपणे वाटतं. फ्लोराइड एनोलेज हे विकर अडवतं, आणि ते ग्लुकोज फुटण्याच्या साखळीत अगदी शेवटाकडे असतं. वरच्या पायऱ्या त्यानंतरही काही काळ चालू राहतात, म्हणून पहिला तास-दोन तास साखर घटतच राहते. त्यानंतर मात्र आकडा स्थिर होतो. सायट्रेटचा बल्ब रक्त आम्लधर्मी करून सुरुवातीच्याच पायऱ्या थांबवतो, तेही जवळपास लगेच. म्हणूनच २०११ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत नमुना बर्फाच्या पाण्यात ठेवून ३० मिनिटांत प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा द्रव) वेगळा करा, ते जमत नसेल तर सायट्रेट वापरा, असं सांगितलं गेलं. सायट्रेटमुळे आकडे थोडे वर सरकतात आणि काही जण नव्याने रेषेपलीकडे जातात, हा वाद अजून मिटलेला नाही.

बल्ब भरण्याआधीही चुका होतात. ज्या हाताला डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं, तर आकडा भलताच वर जातो. घरच्या ग्लुकोमीटरची गोष्ट वेगळी, त्याला सबंध रक्ताचा थेंब दिला जातो. सबंध रक्तापेक्षा प्लाझ्मातली साखर साधारण ११ टक्के जास्त असते, आणि रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, कमी असेल, तर बऱ्याच मीटरवर साखर जास्त दिसते.

सगळ्यात दचकवणारा प्रकार ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, दिसतो. पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात गेल्या की त्या बल्बमधली साखर इतक्या झपाट्याने फस्त करतात, की रिपोर्टवर धोक्याइतकी कमी साखर येते. रुग्णाला मात्र घाम नसतो, थरथर नसते, भोवळही नसते. अशा वेळी पुन्हा रक्त घेऊन ते लगेच बर्फात ठेवतात आणि प्लाझ्मा ताबडतोब वेगळा करून मोजतात.