नवतप्यातला तांबट

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला की नागपुरात दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. अशा वेळी मराठीत ‘चिटपाखरूही दिसत नाही’ म्हणायची पद्धत आहे. नागपूरकरांनी मात्र हा वाक्प्रचार जपून वापरावा. पारा पंचेचाळीसवर गेलेला असतो, कुत्री नालीत जाऊन पडलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच कडुनिंबाच्या शेंड्यावरून कुणीतरी ठोकत असतं: टुक्, टुक्, टुक्, टुक्.

आमच्या शेजारच्या काकूंनी या आवाजापायी एकदा कूलरचा मिस्त्री बोलावला होता. पंप ठोकतोय अशी त्यांची पक्की खात्री. मिस्त्रीनं पंप काढला, धुतला, बसवला, आवाज सुरूच. शेवटी वैतागून त्यानं कूलरच बंद केला, तरी टुकटुक थांबेना. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘‘पंप नाही जी काकू, पाखरू होय हे.’’ येण्याचे पैसे घेतलेच त्यानं.

ते पाखरू म्हणजे तांबट. तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या तांबटांचं नाव त्याला मिळालं. जेमतेम चिमणीएवढा जीव. अंग पानासारखं हिरवं, कपाळ आणि छाती लालभडक, डोळ्यांभोवती पिवळा रंग आणि चोचीच्या बुडाशी राठ मिशा. मिनिटाला साधारण 108 ते 121 ठोके पडतात आणि एका दमात ते दोनशेच्या वरही जातात. गंमत अशी की हे सगळं चोच मिटून चालतं. दुर्बिणीतून पाहिलं तर प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुगताना आणि बसताना दिसते. ठोकताना तो मानही इकडेतिकडे वळवतो. त्यामुळे आवाज कधी या फांदीवरून आल्यासारखा वाटतो, कधी त्या, आणि खाली उभं राहून शोधणाऱ्याची मान अवघडते.

एवढ्या उन्हात हे जमतं कसं? पक्ष्याच्या शरीराचं तापमान मुळातच चाळीस-एकेचाळीस अंशांच्या घरात असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. नागपूरच्या मे महिन्यात हवाच अंगापेक्षा तापते आणि उष्णता उलट आत यायला लागते. तेव्हा पाण्याची वाफ करून अंग थंड ठेवणं हा एकच मार्ग उरतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ते चोच उघडून धापा टाकतात. दुपारी तारेवर आ वासून बसलेला कावळा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. धापा टाकायच्या तर अंगात पाणी हवं. ते तांबटाला बरंचसं वड, पिंपळ, उंबराच्या फळांतून मिळतं. रोज तो स्वतःच्या वजनाहूनही जास्त फळं खाऊ शकतो.

नागपूर हे वाघांचं शहर म्हणून मिरवतं. विमानतळापासून भिंतींवर वाघच वाघ. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याच्या जिप्सीसाठी लोक हजारो रुपये मोजतात आणि बहुतेक वेळा पाऊलखुणा पाहून परततात. मग फोनमधले फोटो दाखवतात ते मोराचे, नीलपंखाचे, धनेशाचे. ही वाघाची हुलकावणी असली तरी पक्ष्यांच्या या फोटोंमागे एक शास्त्रीय कारणही आहे, आणि लोकांना पक्षी इतके का आवडतात याचं माझ्या मते तेच खरं उत्तर आहे. आपण ज्या इंद्रियांनी जगतो त्याच इंद्रियांनी पक्षीही जगतात.

बहुतेक सस्तन प्राणी रात्रीचे आणि वासाचे धनी. अस्वल, रानमांजर, उदमांजर यांचं सगळं महत्त्वाचं बोलणं गंधातून चालतं आणि तिथे आपलं नाक निव्वळ अडाणी. रंगही त्यांना कमी दिसतात. वाघाचा केशरी रंग आपल्याला झगझगीत वाटतो, पण चितळाच्या डोळ्याला लाल-केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळतच नाही, म्हणून तो केशरी वाघ गवतात मिसळून जातो. आपण आणि आपले माकडबांधव या बाबतीत सस्तनांतले अपवाद. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी बहुतेक सस्तनांच्या डोळ्यात दोन प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यात तीन. पक्ष्यांच्या चार, त्यामुळे त्यांना अतिनील किरणही दिसतात. म्हणजे पक्ष्यांचं रंगांचं जग आपल्याहून मोठं आहे, पण आपल्याला त्याच्या दारात तरी उभं राहता येतं.

आपल्याला ही तिसरी शंकुपेशी मिळाली कशासाठी? पिकलेली फळं आणि कोवळी पालवी हिरव्या पानांतून वेगळी ओळखता यावी म्हणून, असा एक प्रबळ तर्क आहे. हा तर्क नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या लगडलेल्या उंबराखाली उभं राहून आठवावा. वर हरियाल म्हणजे हिरवी कबुतरं आहेत, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. सगळा थवा पानांत असा विरघळलेला असतो की एखादी फांदी हलल्यावरच कळतं, अरे, इथे वीस आहेत! शेजारी तांबट. आणि करवतीसारखी चोच पुढे करून एकेक फळ हवेत उडवून गिळणारा राखी धनेश. वीणीच्या काळात तो ती फळं गळ्यात साठवून ढोलीकडे नेतो. मादी आत असते. स्वतःच्या विष्ठेनं तिनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं असतं आणि चोच जाईल एवढी फट ठेवलेली असते. त्या फटीतून नर गळ्यातलं एकेक फळ वर आणून भरवतो. ‘केवढं प्रेम’ असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. तो मेला तर आतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, हे तिथे बोलायला बरं वाटत नाही.

रंगांचं बोलतोच आहे तर नीलपंखाचं सांगायला हवं. विदर्भात त्याला सर्रास नीलकंठ म्हणतात, कुणी चाष म्हणतं. वास्तविक त्याचा कंठ निळा नाहीच. तो तपकिरी-जांभळट, फिकट रेघांचा. निळाई आहे ती डोक्यावर, शेपटीत आणि पंखांत. तारेवर मिटून बसलेला असताना तो अगदी मळकट दिसतो. नाकतोड्यावर झेप घेतली की दोन निळ्या छटांचा पंखा उघडतो आणि बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘आहा’ निघतं.

काटोल रस्त्याला एका शेताच्या बांधावर मला त्याचं गळालेलं पीस सापडलं होतं. हातात धरलं तेव्हा निळंशार. सहज सूर्यापुढे धरून आरपार बघितलं, तर निळा रंग गायब; राहिला तो मातकट तपकिरी. त्या पिसात निळं रंगद्रव्य म्हणून काही नसतंच. आपल्या नखाचं असतं त्याच केराटिनची स्पंजासारखी जाळी पिसात असते आणि तिच्यात हवेची अतिसूक्ष्म छिद्रं. त्यांचं माप असं जुळलेलं असतं की निळा प्रकाश तेवढा परत फिरतो. मागच्या थरातलं काळपट मेलॅनिन उरलेला प्रकाश गिळून टाकतं, म्हणून निळा आणखी खुलतो. पीस कुटलं तर जाळी मोडेल आणि हाती मातकट भुकटी येईल. मी कुटलं नाही. घरीही आणलं नाही, कारण संरक्षित पक्ष्याचं पीस बाळगणं कायद्याच्या दृष्टीनं भानगडीचं.

दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन शुभ मानतात. देशात काही ठिकाणी या श्रद्धेवर पोट भरणारे त्याला पकडून, पाय बांधून, पिंजऱ्यातून दारोदार फिरवतात. 1972च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. अशा दर्शनात कसलं आलंय शुभ! ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या 2023च्या अहवालात तर ज्या चौदा जातींचं धोक्याच्या यादीतलं स्थान पुन्हा तपासावं म्हटलंय, त्यांत हा आपला नीलपंखही आहे.

पक्षी आवडण्याशी डोळ्यांइतकाच कानांचाही संबंध आहे. माणसाचा कान 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तल्लख, आणि बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांचे सूर याच पट्ट्यात किंवा थोडे वर पडतात. जर्मनीत 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 295 निरोगी माणसांना फक्त सहा मिनिटं आवाज ऐकवले, काहींना वाहतुकीचे तर काहींना पक्ष्यांचे. पक्षी ऐकणाऱ्यांची चिंता आणि संशयग्रस्तता कमी झाली. वाहतुकीच्या आवाजानं उदासी वाढली. वर्धा रोडवर संध्याकाळी सिग्नलला उभं राहणाऱ्याला हे सांगायला अभ्यास लागत नाही, पण आकडा असलेला बरा.

नुसता आवाज ऐकून माणूस थांबत नाही, तो त्यात शब्द ऐकतो. उन्हाळा तापला की पावशा ओरडायला लागतो. तीन स्वर, दर वेळी पट्टी वर वर चढत जाते, शेवटी किंचाळल्यासारखी, आणि मग एकदम शांत. भर रात्रीही सुरू असतं. नागपूर 1956पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथे एकाच वाड्यात दोन भाषा नांदतात आणि पावशाही दोन भाषांत बोलतो. माझ्या आईला तो ‘पेरते व्हा’ सांगतो. छिंदवाड्याकडच्या भाभींना तोच ‘पी कहाँ’ विचारतो. इंग्रज साहेबाला त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं. उकाड्यात झोप उडालेल्या माणसाचं ते भाषांतर म्हणून मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं. अस्पष्ट आवाजातून ओळखीचा शब्द उभा करणं ही मेंदूची जुनी खोड आहे, आणि एकदा का शब्द ऐकू आला की तो पक्षी आपला होतो.

पावशाला स्वतःला पेरणीशी काही देणंघेणं नाही. हा त्याचा विणीचा काळ, आणि त्याची नजर असते सातभाईंच्या घरट्यावर. सातभाईंची अंडी निळी, पावशाचंही अंडं निळं. मादी ते गुपचूप त्यांच्या घरट्यात ठेवून जाते. दिसायला आणि उडायला पावशा हुबेहूब शिक्रा. बसताना शेपटी झटकण्याची लकबही तीच. तो आला की लहान पाखरं शिकारी पक्षी समजून कल्ला करतात.

आमचे आजोबा कापसाचे शेतकरी. मृगाच्या कितीतरी आधी, एप्रिलातच पावशा ‘पेरते व्हा’ करायला लागला की ते खाटेवरूनच त्याला उत्तर द्यायचे, ‘‘तुझं काय जाते बापा! आम्ही पेरायचं, दुबार आली तर आम्हीच निस्तरायचं. तू तं सोताचं अंडंही दुसऱ्याच्या घरात टाकून राह्यला.’’