सिन्हा, रायपूरचे बॅरनपद

ब्रिटिश उमरावपदांपैकी भारतीय व्यक्तीसाठी निर्माण झालेले एकमेव वंशपरंपरागत पद. निर्मिती फेब्रुवारी १९१९. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट व बॅरन या पाच श्रेणींतील ही शेवटची. सनदेतील रायपूर बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले. छत्तीसगढमधील शहराशी त्याचा संबंध नाही. मुंबईचे जमशेटजी जिजीभाई यांना १८५७ मध्ये मिळालेली बॅरोनेटची पदवीही वंशपरंपरागत होती. पण बॅरोनेट हा उमराव नव्हे. त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आसन नसते. मराठी लेखनात या दोन पदव्यांची सरमिसळ वारंवार होते.

पहिले बॅरन सत्येंद्र प्रसन्न सिन्हा (जन्म बहुधा १८६३, काही जुन्या ग्रंथांत १८६४, मृत्यू १९२८) हे कलकत्त्याचे बॅरिस्टर. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील पहिले भारतीय सदस्य (१९०९), काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष (१९१५), पुढे बिहार व ओरिसाचे गव्हर्नर. १९१९ मध्ये भारतखात्याचे उपमंत्री झाल्यावर माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे विधेयक त्यांनीच लॉर्ड्समध्ये मांडले. त्यासाठी त्या सभागृहात आसन आवश्यक होते, हे पदवीमागचे व्यावहारिक कारण.

वारसाहक्क : असे पद सामान्यतः मूळ धारकाच्या औरस (वैध विवाहातून जन्मलेल्या) पुरुषवंशजांकडे ज्येष्ठत्वाने जाते. हिंदू कायद्यातील दत्तकाला येथे स्थान नाही, वाटणीलाही नाही. मुली वगळल्या जातात. वारसाने आपले औरसत्व सिद्ध करावे लागते. १९९९ पर्यंत मग सभागृहात बसण्याचे आवाहनपत्र निघत असे. शंका आल्यास दावा लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीपुढे जात असे.

सिन्हा प्रकरण, म्हणजे पुत्र अरुणकुमार यांचा वारसादावा, इथेच अडले. सत्येंद्र प्रसन्नांचा विवाह १८८० मध्ये हिंदू पद्धतीने झाला होता. पत्नी एकच होती. परंतु तेव्हाचा हिंदू कायदा पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा देत असल्याने इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने हा विवाह ‘संभाव्य बहुपत्नीक’ ठरत होता. हाइड विरुद्ध हाइड (१८६६) या खटल्यात अशा विवाहाच्या पक्षकारांना इंग्लंडच्या न्यायालयाने वैवाहिक दाद नाकारली होती. तो निकाल संततीच्या औरसत्वाविषयी नव्हता, तरी त्याची छाया दूरवर पडली. दुसरी अडचण बर्टव्हिसल विरुद्ध वार्डिल (१८४०) या निर्णयाची : अधिवासाच्या कायद्याने औरस ठरलेला मुलगाही इंग्लंडमधील जमिनीचा वारस होईलच असे नाही. दोन पत्नींना मुलगे असतील तर ‘ज्येष्ठ’ कोणता, हा त्यामागे उभा राहणारा खरा पेच.

निर्णय १९३९ मध्ये झाला. लॉर्ड चॅन्सेलर मॉम यांनी भारतात अधिवास असलेल्यांचा हिंदू विवाह इंग्रजी न्यायालये मानतात व त्यातील संतती औरस असते, हे स्वीकारले. शिवाय सत्येंद्र प्रसन्न एकपत्नीत्व मानणाऱ्या ब्राह्मो समाजात आल्यानंतर पुत्र अरुणकुमार यांचा जन्म (१८८७) झाला होता. या निकालाने बहुपत्नीक विवाहातील ज्येष्ठ पुत्रालाही उमरावपद खुले झाले, असे काही भाष्यकार मानतात. दुसऱ्या मते निकाल ब्राह्मो प्रवेशाच्या वस्तुस्थितीपुरता आहे. निकालाची भाषा पाहता दुसरे मत अधिक सावध व ग्राह्य वाटते, कारण वारसाच्या बाबतीत संभाव्य अपवाद मॉम यांनी स्वतःच राखून ठेवला होता. औरसत्वाबाबतचे त्यांचे विधान मात्र पुढे बेंडेल विरुद्ध बेंडेल (१९४६) या महत्त्वाच्या निकालात आधाराला घेतले गेले.

नंतरचे धारक : अरुणकुमार (मृ. १९६७), सुधींद्र प्रसन्न (मृ. १९८९), सुशांत प्रसन्न (मृ. १९९२). सुशांत यांच्यामागे पुरुषवारस न उरल्याने पद त्यांचे काका अनिंदोकुमार (मृ. १९९९) यांच्याकडे व त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाकडे गेले. १९९९ च्या कायद्याने ९२ अपवाद वगळता वंशपरंपरागत उमरावांचा आसनाचा हक्क संपला. २००४ पासून उमरावांची अधिकृत नामावली ठेवली जाते. तीत नाव चढवून घेतल्याशिवाय सरकारी कागदपत्रांत वारसाचा उल्लेख लॉर्ड म्हणून होत नाही.