माग थांबला की जाग येते

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या भिंतीला भिंत लावून घरं आहेत. नवा पाहुणा तिथं मुक्कामाला आला की मागांच्या खटखटीत रात्रभर कूस बदलत राहतो. घरची माणसं मात्र गाढ झोपलेली असतात. मध्यरात्री वीज गेली, माग थांबले, की हीच माणसं दचकून उठून बसतात. त्यांना जाग येते ती शांततेनं.

हे मला आठवलं आमच्या गल्लीतल्या मेजरांमुळे. हुद्द्यानं ते हवालदार, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. चोवीस वर्षं नोकरी करून बेचाळिसाव्या वर्षी पेन्शनवर घरी आले. त्याच जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर होतो. पहिला बार उडाला आणि मेजरांनी शेजारी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या लेकीला मानेवर हात ठेवून खाली दाबलं. स्वतः तिच्यावर ओणवे झाले. आम्हाला काही कळायच्या आत. पोरगी रडायला लागली. मेजर उठले, तिच्या गुडघ्याची धूळ झटकली आणि एक शब्द न बोलता खाली गेले. त्यांचा हात थरथरत होता, तो मी पाहिला.

"फौजी असून फटाक्याला घाबरला," असं कुणीतरी हळूच म्हणालं. ते मला आजही सलतं, कारण ती भीती नव्हतीच. ते शिक्षण होतं.

अचानक मोठा आवाज झाला की एका सेकंदाच्या विसाव्या भागात पापण्या मिटतात, मान आखडते. एवढ्या वेळात विचार करता येत नाही. मेंदूच्या खोल भागातला अमिग्डाला हा बदामाएवढा गठ्ठा धोक्याची वर्दी देतो. हा फटाका आहे, आपण सोलापुरात आहोत, हे सांगणारा कपाळामागचा भाग मागाहून पोचतो. सीमेवर ज्याचं शरीर आधी जमिनीवर आडवं झालं, तो वाचला. हा धडा शेकडो वेळा गिरवून घेतलेला असतो.

मग मागाच्या आवाजाला मेंदू सरावतो आणि स्फोटाच्या आवाजाला का नाही? याचं उत्तर एका समुद्री गोगलगाईनं दिलं. ॲप्लिसिया तिचं नाव. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. तिला हलकेच पुन्हा पुन्हा स्पर्श केला की ती कल्ले आत ओढणं कमी करते, कारण चेतापेशींमधला निरोपच क्षीण होत जातो. पण तिला एकदा विजेचा झटका दिला की साध्या स्पर्शालाही ती जोरात आक्रसते. ठेक्यात येणाऱ्या, काही न बिघडवणाऱ्या गोष्टीला चेतासंस्था सरावते. अवचित येणाऱ्या आणि इजा करणाऱ्या गोष्टीला ती अधिकच जागरूक होते. माग पहिल्या प्रकारातला, गोळीबार दुसऱ्या.

"आता घरी आलात, विसरा ते सगळं," असं आपण मायेनं म्हणतो. पण हे धडे पुसले जात नाहीत. घंटा वाजली की खाणं मिळतं हे शिकलेल्या, रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांमध्येच हे दिसलं होतं: घंटेनंतर खाणं देणं बंद केलं की लाळ गळणं थांबायचं, आणि काही काळ विश्रांती दिल्यावर घंटेसरशी पुन्हा सुरू व्हायचं. जुना धडा तसाच राहतो, त्याच्यावर 'इथं धोका नाही' असा नवा धडा चढतो. शिवाय नवा धडा जागेला चिकटून असतो. डॉक्टरांच्या खोलीत शिकलेलं होम मैदानावर पुन्हा शिकावं लागतं.

प्रत्येक माजी सैनिकाला आजार असतो असं मुळीच नाही. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. महिना उलटला तरी तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिले, माणूस जत्रा-लग्नं टाळू लागला, झोप उडाली, तर मात्र तो पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणारा मनाचा आजार, असू शकतो. १९८० साली या आजाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. बोलण्यातून आणि टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जाण्यातून त्यावर उपचार होतात, गरजेनुसार औषधंही असतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

रात्रीचं मात्र वेगळं सांगायला हवं. स्वप्नांच्या झोपेत मेंदूतला नॉरअॅड्रेनॅलिनचा, म्हणजे आपल्याला सावध ठेवणाऱ्या रसायनाचा, झरा जवळजवळ आटतो. त्या निवांतपणात दिवसभराच्या आठवणींची धार कमी होत असावी, असं काही संशोधक मानतात. झोप लागावी म्हणून घेतलेली रम नेमकी हीच झोप आधी दाबते, आणि उत्तररात्री तीच झोप उसळून येते, वाईट स्वप्नं घेऊन.

कानाचंही असंच. रायफलचा बार कानाशी दीडशे डेसिबलच्या घरात जातो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. "मेजर हाक मारली तरी बघत नाहीत, फार ताठ आहेत," म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचे कान तपासून घ्यायला सांगावं.

२००० साली मानसशास्त्रज्ञ ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडीवरच्या ७७ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. घटनेनंतर माणसाला आधार न मिळणं, हे सर्वांत वजनदार कारणांपैकी एक निघालं. म्हणजे घर, गल्ली, कामाची जागा हासुद्धा उपचाराचा भाग आहे. २०२२ च्या अग्निपथ या फौजभरती योजनेतले चार वर्षं पूर्ण केलेले बहुतेक तरुण आता ऐन पंचविशीच्या आसपास घरी परततील. बार्शी, करमाळा, मंगळवेढ्याच्या गावांतून त्यांच्याकडे कसं पाहिलं जाईल, याची मला मनापासून काळजी वाटते.

मेजरांच्या घरी पुढच्या जानेवारीत वहिनींनी एक साधी गोष्ट केली. दारूकाम कुठल्या दिवशी, किती वाजता, हे आठवडाभर आधीच सांगून ठेवलं. अवचित येणारा आवाज त्यांनी वेळेवर येणारा करून टाकला. त्या संध्याकाळी मेजर गच्चीवर आले, लेकीनं त्यांचं बोट धरलं. "पप्पा, आता वर गेला, आता वाजणार," असं ती प्रत्येक बाराआधी सांगत होती. पहिल्या बाराला त्यांचे खांदे उडाले. दुसऱ्यालाही. वीस मिनिटं थांबले, मग तिला कडेवर घेऊन खाली गेले.